मामाच्या लॅपटॉपची फिल्म

आमचा मामा लोकांची तोंडं धुतो. घाबरू नका, फोटोतली. स्टुडिओत काढलेला फोटो लॅपटॉपवर घ्यायचा, गालावरचे डाग पुसायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायची, चेहऱ्याचा रंग नीट बसवायचा आणि माणूस आहे त्यापेक्षा जरा बरा करून घरी धाडायचा, हा त्याचा तीस वर्षांचा उद्योग. आधी हेच काम तो बारीक ब्रशने निगेटिव्हवर करायचा, मग माउस हातात आला. आमच्या भागात ज्यांच्या ज्यांच्या भिंतीवर फोटो लटकतोय, त्यांच्या नाकावरून मामाचा हात एकदा तरी फिरलेला आहे.

त्यामुळे मामाला आपल्या नजरेचा भारी गर्व. त्याच्या मते रंग कळणारा माणूस अख्ख्या भागात एकच होता आणि तो कोण, हे सांगायची त्याला गरज वाटत नसे. मामीने बाजारातून टोमॅटो आणले तरी एक उचलून तो खिडकीपाशी न्यायचा आणि म्हणायचा, "यात गुलाबी कमी पडलाय." मामी म्हणायची, "मग घाला थोडा आणि चिरायला घ्या." कोणाकडे पाहुणा म्हणून गेला की तो आधी भिंतीवरचे फोटो बघायचा आणि मग यजमानांकडे. दोघांत त्याला फोटो जास्त पसंत पडायचे, कारण ते त्याने स्वतः सुधारलेले असायचे.

स्टुडिओत पुढे काउंटर आणि तिथे मालक. जिन्याने वर गेलं की मामाची खोली. मागच्या खोलीत छपाईचं मशीन आणि त्याच्यासमोर मी. वरून मामा फाइल पाठवणार, खाली मी ती कागदावर उतरवणार, अशी आमची विभागणी. ही नोकरी मला मामानेच लावून दिली, आणि हा विषय तो आठवड्यातून एकदा तरी काढायचाच.

तीन वर्षांपूर्वी मामाने मोबाइलवर वाचलं, की लॅपटॉपच्या उजेडाने डोळे खराब होतात. मोबाइलवर वाचलेल्या गोष्टीवर मामाचा डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास. खरं म्हणजे डॉक्टरकडे तो कधी जातच नसे, त्यामुळे डॉक्टरला स्वतःची बाजू मांडायची संधी मिळालेली नव्हती. मामाने लगेच लॅपटॉपवर लावायची फिल्म मागवली. पाकिटावर छापलं होतं, की ओरखडे पडणार नाहीत, चकाकी मारणार नाही आणि डोळे वाचतील. आतून निघाला एक खरबरीत, पिवळसर, पारदर्शक कागद. रंगाचं काम करणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने समोर पिवळी काच बसवून घ्यायची, ही कल्पना मामाखेरीज दुसऱ्या कोणाला सुचणं शक्य नव्हतं.

"पिवळी आहे की रे मामा," मी म्हटलं.

"दोन दिवसांत नजर सरावते," मामा म्हणाला. "आणि ही तुझी नजर नाही, माझी आहे."

फिल्म लावण्याचा सोहळा मामाच्या बाथरूममध्ये झाला. कारण फिल्मखाली धुळीचा कण अडकला तर बुडबुडा राहतो, आणि गरम पाण्याची वाफ सोडली की हवेतली धूळ खाली बसते, हेही मोबाइलवरच लिहिलं होतं. मामा दार लावून, उघड्या अंगाने, मांडीवर लॅपटॉप घेऊन स्टुलावर बसला. बाहेर मामी टॉवेल घेऊन उभी.

"अहो, मला आंघोळ करायची आहे."

"दम धर. कोपरा बसतोय."

"तासाभरापूर्वी पण कोपराच बसत होता."

"तो डावा होता."

शेवटी घामाने निथळत मामा बाहेर आला. फिल्म बसली होती, फक्त खालच्या बाजूला मोहरीएवढा एक बुडबुडा राहिला होता. कोणी त्याकडे बोट दाखवलं तर मामा सांगायचा, की तो त्याने फोकस तपासायला मुद्दाम ठेवलाय. ऐकणारे माना डोलवायचे. मामाच्या बोलण्यात असा ठामपणा असतो, की समोरच्याला वाटतं, चूक आपल्याच कानांची असेल.

त्याच आठवड्यात वरून एका शाळेच्या वर्गाचा फोटो माझ्याकडे आला. माझ्या मशीनचा मॉनिटर मी दर सोमवारी चाचणीची पट्टी छापून जुळवून घेते, त्यामुळे त्यावर खोटं दिसत नाही. चाळीस पोरं आणि दोन बाई, सगळ्यांना आत्ताच गार पाण्यातून बाहेर काढल्यासारखं दिसत होतं. ओठसुद्धा निळसर. कारण उघड होतं. फिल्ममुळे मामाला स्क्रीन पिवळी दिसत होती, म्हणून तो फोटोतला पिवळा काढून टाकत होता. त्याच्या स्क्रीनवर चेहरे ठीक दिसायचे आणि फाइल मात्र निळी व्हायची.

मशीनवर रंग कमीजास्त करायला बटणं असतात. फोटो निळा वाटला की पिवळा वाढवायचा. मी पिवळा दोन घरं वाढवला आणि पोरांच्या अंगात ऊब आली. मग म्हटलं, वर जाऊन मामाच्या कानावर घालावं. वर गेले तर मामा एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "मशीन काय, कोणीही चालवतं. खरं काम नजरेचं." मी तशीच खाली आले. म्हटलं, राहू दे, मशीन कोणीही चालवतं.

घरी आईला सांगितलं. आई म्हणजे मामाची मोठी बहीण. मामाला काही लागू नये, बोचू नये, हे बघणं हा तिचा लहानपणापासूनचा धंदा. ती म्हणाली, "त्याच्या तोंडावर काही बोलू नकोस हं. लागेल त्याच्या मनाला. तू ते बटण दाबतेस ना? मग दाब की. तुझं काय जातं?"

माझं काही जात नव्हतं. मी तीन वर्षं बटण दाबलं.

आता खरी गंमत सांगते. गिऱ्हाईक फोटो बघून खूश व्हायचं, मालक मामाची पाठ थोपटायचा, आणि मामा छापलेला फोटो हातात घेऊन माझ्या खोलीत यायचा तो नाक मुरडत. "जरा पिवळट वाटतोय. कागद जुना वापरतेस का?" कधी माझ्या खोलीतल्या ट्यूबलाइटला दोष द्यायचा, कधी माझ्या हाताला. "तुझा हातच पिवळा आहे. लोकांना आवडतंय म्हणून चालवून घेतो." म्हणजे मी त्याची चूक झाकायची आणि वर त्याच्याकडून बोलणी खायची, असा दुहेरी लाभ मला होत होता. मी गप्प बसायचे. गप्प बसण्यातही एक मोठेपणा वाटतो माणसाला, हे मी कशाला नाकारू? समोर मामा शेखी मिरवतोय आणि त्याची अब्रू आपल्या बोटाखाली आहे, हे मला मनातून आवडत होतं.

हळूहळू दोनाचे चार झाले, चाराचे सात, आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला मी पिवळा अकरापर्यंत नेऊन ठेवला होता. मी म्हटलं, फिल्म जुनी होतेय, जुन्या वर्तमानपत्रासारखी आणखी पिवळी पडत असणार.

एव्हाना घरात सगळ्याच गोष्टींचं खापर त्या फिल्मवर फुटू लागलं होतं. मामा म्हणाला, हल्ली स्क्रीन धुरकट दिसते. आम्ही म्हटलं, फिल्म खरबरीत आहे, दिसणारच. मामा म्हणाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. आम्ही म्हटलं, दिवसभर त्या पिवळ्या कागदातून बघतोस, दुसरं काय होणार? स्टुडिओच्या जिन्यावर त्याचा पाय चुकला आणि गुडघा फुटला, तेव्हा मामीने गुडघ्याला मलम लावता लावता फिल्मलाच शिव्या घातल्या. "काढून टाका ती आधी," ती म्हणाली. मामा म्हणाला, "काढली तर डोळे खराब होतील."

मग मालकाने घोषणा केली. छपाईच्या मशीनचे भाग मिळेनासे झाले होते. पहिल्या तारखेपासून मशीन बंद, मी काउंटरवर, आणि मामाच्या फाइल सरळ मोठ्या लॅबमध्ये जाणार. "तिकडे कोणी हात लावत नाही," मालक कौतुकाने म्हणाला. "आपण पाठवू तस्सं छापून येतं."

तस्सं! पहिल्या तारखेनंतर आठवडाभरात निम्मं गाव निळं पडणार, लोक फोटो घेऊन काउंटरवर भांडायला येणार, मालक मामाला बोलावून घेणार. ज्या नजरेच्या जोरावर हा माणूस तीस वर्षं ताठ मानेने जगला, तिचे चारचौघांत वाभाडे निघणार. मामा कितीही छळवादी असला, तरी शाळेत मला पोचवायला रोज तोच यायचा, माझे वडील गेल्यावर माझी फी तोच भरायचा. त्या दुपारी मशीनच्या मागे तोंड लपवून मी चक्क रडले.

हातात दहा दिवस होते. आधी मी सरळ मार्गाने गेले. "मामा, नवीन फिल्म लावू या का? पांढरी मिळते." मामा म्हणाला, "हिची सवय झालीय. बायको बदलावी तशी फिल्म बदलत नसतात." मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "दोन्हींचा विचार करायला माझी हरकत नाही."

मग मामीलाच कटात घेतलं. रविवारी जेवणानंतर मामा घोरायला लागल्यावर आम्ही दोघींनी लॅपटॉप स्वयंपाकघरात पळवला. मामीने केस वाळवायच्या यंत्राने कोपऱ्याला ऊब दिली, मी नखाने कड उचलली आणि फिल्म चरचर करत एका दमात निघाली. खाली तीन वर्षांपूर्वीची कोरी, लखलखीत स्क्रीन. मामी म्हणाली, "काय लख्ख दिसतंय गं!" आम्ही दोघी त्या स्क्रीनकडे बघत हसत बसलो, जिंकल्यासारख्या.

मामा उठला आणि त्याने घर डोक्यावर घेतलं. त्यात त्याच्या डोळ्यांची काळजी, आमची अक्कल, मामीच्या माहेरची, माझ्या आजोळची अक्कल असं सगळं येऊन गेलं. माझं आजोळ म्हणजे त्याचंच घर, हे त्याच्या लक्षात आल्यावर तो थोडा थांबला. मग तणतणत लॅपटॉप घेऊन बसला आणि पाच मिनिटांनी म्हणाला, "अर्धवट काढलीत. खाली अजून एक थर आहे."

"काही नाहीये मामा. ती काच आहे."

"मला शिकवतेस? हे बघ, धुरकट दिसतंय." आणि तो चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनचा कोपरा नखाने खरवडायला लागला. एक कोपरा झाला, दुसरा झाला. नसलेल्या फिल्मची कड तो शोधत होता. मामी तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. बाहेर येऊन आईला फोन करून नक्कल करून दाखवली, आईही हसली.

दुसऱ्या दिवशी मामाची पहिली फाइल आली. फिल्म गेली, आता पिवळा शून्य, असं म्हणत मी ती उघडली आणि चेहरे ठीक दिसेपर्यंत पिवळा वाढवत गेले. नऊ. मी पुन्हा बघितलं, मशीन जुळवलं, पट्टी छापली. नऊच. फिल्म काढून सगळा फरक पडला तो दोन घरांचा. मी मनाची समजूत घातली, की तीन वर्षांची सवय आहे, हात एका दिवसात कसा सुटेल?

पण दिवस उरले होते पाच. शेवटी मी ठरवलं, की आता मनाला लागो नाहीतर न लागो, याला त्याचा निळा फोटो निळाच छापून दाखवायचा. एका नवऱ्या मुलीचा चेहरा होता. मी बटणाला हात न लावता तो छापला. मुलगी अशी दिसत होती, की तिच्या लग्नाला जाण्याआधी कोणीतरी शेकोटी पेटवावी. फोटो घेऊन मी वर गेले, जिन्यात सगळं बोलणं घोकून ठेवलं, आणि मामाच्या हातात तो दिला.

मामा फोटो घेऊन खिडकीपाशी गेला. उन्हात धरला. लांबून बघितला, जवळून बघितला. मग माझ्याकडे वळून असा हसला, जसा मी दहावी पास झाले तेव्हा हसला होता.

"आता जमलं बघ तुला!" तो म्हणाला. "तीन वर्षांत पहिला फोटो नीट छापलास. हा बघ, याला म्हणतात कातडीचा रंग. कुठेही पिवळा नाही."

मी पुन्हा फोटोकडे बघितलं. तो फोटो कागदावर होता. खिडकीतल्या उन्हात, मामाच्या हातात. त्यावर कसली फिल्म?

"मामा," मी म्हटलं, "उजवा डोळा हाताने झाक."

"का?"

"झाक म्हणते ना."

त्याने झाकला. मी त्याच्यासमोर तीन बोटं धरली. "किती बोटं?"

"हात कुठाय तुझा?" मामा म्हणाला. आणि मग, मी घाबरू नये म्हणून असेल, घाईघाईने म्हणाला, "खिडकी दिसतेय की. उजेड दिसतोय."

डोळ्यांच्या डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी मामाला वेगवेगळ्या यंत्रांपुढे हनुवटी टेकवायला लावली. मामाने एवढ्या वेळात त्यांना दोनदा सांगितलं, की यंत्रापेक्षा नजर मोठी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, चांगला जुना. तोच पिवळा, तोच धुरकट. उजव्याचं ऑपरेशन करता येईल आणि छान दिसेल, असं बाई म्हणाल्या. मग त्यांनी हातातली डोळा झाकायची पट्टी खाली ठेवली.

"डाव्यात नुसता मोतीबिंदू नाहीये. आतला दाब वाढत गेलाय, बरेच दिवस. तो दुखत नाही, त्यामुळे कळत नाही. मागची नस सुकलीय. त्या डोळ्याने आता परत दिसणार नाही."

मामाने पाणी मागितलं. पाणी पिऊन ग्लास नीट टेबलाच्या मधोमध ठेवला.

"वेळेत आला असतात तर वाचला असता," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, पण त्यांना खरंच नवल वाटत होतं. "तुम्ही म्हणता तुमचं काम रंगाचं. इतक्या वर्षांत तुमच्या कामात काहीच फरक दिसला नाही? फोटो बिघडले नाहीत? कोणी तक्रार केली नाही?"

"छे!" मामा म्हणाला, आणि एवढ्यातही त्याची मान ताठ झाली. "एकसुद्धा फोटो परत आला नाही. विचारा हिला. हीच छापते."

डॉक्टर बाईंनी माझ्याकडे बघितलं. मामानेही मान वळवली, जरा जास्तच वळवली, कारण मी त्याच्या डाव्या हाताला बसले होते.

मी सगळं सांगितलं. शाळेचा वर्ग, बटण, आईचं बोलणं, सगळं. बोलताना मी मामाकडे बघितलं नाही. बाई कागद पुढे ओढून औषधं लिहू लागल्या. मला वाटलं, आता हा ओरडणार. त्याने ओरडावं असं मला फार वाटत होतं.

"पहिल्यांदा किती वाढवलास?" त्याने विचारलं. आवाज कामातला, रोजचा.

"दोन."

"आणि शेवटी?"

"अकरा."

तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला.

"दोन फिल्मचे धर," मामा म्हणाला. "तीन झाले तेव्हाच सांगायचंस गं."